काठाची हजेरी

बत्तीस वर्षं मी नदीची उंची लिहिली
पाटबंधारे खात्याच्या निळ्या वहीत,
सकाळी आठ, संध्याकाळी पाच,
पुरात दर तासाला.
काठावर काय उगवतं
याचा रकानाच नव्हता.

आता दर रविवारी, साडेसहाला,
प्रयाग चिखलीच्या उतारावर
पोरं जमतात गमबूट घालून,
कुणाचे बापाच्या मापाचे.
तबस्सुम शिकलगार कोयते वाटते,
धार तिच्या घरचीच.
हर्षल भोई आधी उतरतो पाण्यात,
त्याला खोली विचारावी लागत नाही.
कोमल कोरवी उशिरा येते, एसटीवर खापर फोडते,
आणि सगळ्यांत जास्त उपटते.

बेशरम.
फिकट जांभळी फुलं, कर्ण्यासारखी;
पुलावरून जाणारा म्हणेल, काय काठ सजलाय!
तोडून टाकली तर पडल्या जागी मूळ धरते,
म्हणून मोळ्या बांधायच्या, चढ चढायचा,
डांबरावर पसरायच्या.
उसाचे ट्रॅक्टर त्यांच्यावरून जातात
स्पीकर दणाणत.

पहिल्याच रविवारी कोमलनं विचारलं,
"काका, ही हितं आणली कुणी?"
बाहेरच्या देशातली आहे, म्हटलं.
खरं होतं ते. अर्धं.
पुढचे तीन रविवार मी नुसताच राबलो.
चौथ्या रविवारी, वाकलेला असतानाच, बोललो:
माझ्या वडलांनी.
त्या पलीकडच्या पट्टीत, उसाला कुंपण म्हणून.
तार परवडत नव्हती,
ही फुकट, वर गुरं तोंड लावत नाहीत.
हात-हातभर काड्या खोचल्या, पाणीसुद्धा घातलं नाही.
पहिलं फूल आईनं देवाला वाहिलं होतं.

चिखलातून बूट निघाल्याचा आवाज तेवढा आला.
मग हर्षलनं पहार माझ्या हातात दिली.
"घ्या. मुळापासनं तुमीच काढा मग."
हसलो सगळे.
बुंधा निघायला अकरा वाजले.

त्या जागी वाळुंज लावतो आम्ही.
कासारीच्या वरच्या अंगाला अजून उभे आहेत थोडे,
तिथून फांद्या आणतो ओल्या गोणपाटात, मोटरसायकलवर,
तान्ह्या पोरासारख्या मध्ये धरून.
जवळ करंज, पाण्याशी शेरणी,
जिला पुरात झोपता येतं आणि उठताही येतं.
गेल्या साली वाळुंज लावले एकशे चाळीस.
ऑगस्टात पाणी चढलं ते देवळाच्या पायरीला टेकलं.
उतरल्यावर मी नवी वही काढली,
या वेळी रकाने माझे मीच आखले:
वाळुंज. लावले एकशे चाळीस. हजर अकरा.
तबस्सुम म्हणाली, "अकरा म्हंजे टीम झाली की."

मार्चमध्ये शेवटच्या झुडपाशी
कोमलचा कोयता वरच्या वर थांबला.
दोन पानं शिवलेली होती एकमेकांना,
कोळ्याच्या जाळ्यानं, आत कापूस,
आणि वटवट्याची तीन अंडी,
विटेच्या रंगाची, पॉलिश मारल्यासारखी.
आई-पक्षी शेजारच्या काडीवर शेपटी उडवत
आमच्या सात पिढ्या काढत होता.

"आता?" हर्षल.
"आता काय? ऱ्हाऊ दे."
"अगं, बी पडंल की."
"पडू दे. पिल्लं उडाली की मी काढतो ही. शब्द हाय माझा."
कोल्हापूरची पोर; करतो म्हणते, जातो म्हणते,
आणि करते.
केसांची लाल रिबीन सोडून तिनं झुडपाला बांधली,
दुसऱ्या कुठल्या टोळीनं चुकून तोडू नये म्हणून.

घरी येऊन वही उघडली.
हात धुतले तरी चीक जात नव्हता,
पानाच्या कडेला अंगठा उमटला.
लिहिलं: बेशरम, एक. मुदत तीन आठवडे.
शेऱ्याच्या रकान्यात काय घालावं सुचेना.
वडलांचं नाव लिहिलं,
मग खोडलं,
मग तसंच पुन्हा लिहिलं.